इंजिनाचे गाऱ्हाणे वाचणारे यंत्र

रत्नागिरीहून निघालेला रस्ता हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. पुढे पालीहून एक फाटा साखरपा आणि आंबा घाटामार्गे कोल्हापूरला जातो. तिठ्यावरून गाडी कोणत्याही दिशेला निघाली, तरी चढउतार आणि पावसाळ्यातले पाणी तिच्या वाट्याला आलेच. समजा, अशा रस्त्यावर धावणारी एक जुनी मोटार तुमच्या घरी आहे आणि एके दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालते, पण दिवा काही विझत नाही. कोणी म्हणतो सेन्सर बदला, कोणी म्हणतो कॉइल बदला. दोन-तीन हजारांचा भाग बदलून होतो आणि आठवड्याने दिवा पुन्हा हजर! मग शेजारी सुचवतात, "पाचशे-सातशे रुपयांत कोड रीडर मिळतो, तोच घ्या ना."

घ्यावा का? घ्यावा, पण तो नेमके काय वाचतो हे समजून घेऊन. नाहीतर ते पैसेही त्या सेन्सरच्याच वाटेने जातील.

मुळात दिव्यामागे आहे एक छोटा संगणक. मेकॅनिक मंडळी त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनात किती हवा आली, पाणी किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला हे सेन्सरांकडून विचारून तो पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. एखाद्या सेन्सरचे उत्तर पटण्याजोगे नसले, की तो एक सांकेतिक क्रमांक टिपून ठेवतो आणि दिवा लावतो. हे सारे मेकॅनिकच्या सोयीसाठी सुरू झाले असे तुम्हांला वाटेल. खरे कारण निराळे आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर साचणारे दाट धुरके मुख्यतः मोटारींच्या धुरापासून बनते, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून, धूर बिघडवणारा दोष गाडीने स्वतःच सांगितला पाहिजे, असा नियम लावला. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेतील नव्या मोटारींना एकाच आकाराची खोबण आणि एकाच धर्तीचे क्रमांक सक्तीचे झाले. आपल्याकडे ही व्यवस्था भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर आली. तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा, अधिक कडक टप्पा एप्रिल २०१३ पासून.

या तारखा लक्षात ठेवा, कारण खरेदीचा पहिला प्रश्न त्यांच्यावरच सुटतो. कार्बोरेटरची जुनी मारुती ८००, पद्मिनी किंवा साध्या डिझेल पंपाची जीप यांत असा संगणकच नाही. तेथे कोड रीडर घेऊन जाणे म्हणजे दगडाला नाडी विचारण्यासारखे आहे. २०१३ नंतरच्या गाडीत साधा रीडरही बहुधा चालतो. खरी पंचाईत मधल्या गाड्यांची, म्हणजे इंजेक्शन आलेले पण नियम अजून न आलेल्या, साधारण २००० ते २०१० मधल्या. त्यांच्यापैकी कित्येकींत खोबण तीच दिसते, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते.

म्हणून पैसे काढण्याआधी बॅटरी घेऊन स्टिअरिंगच्या खाली डोकावा. तेथे १६ घरांची, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद अशी खोबण दिसेल. रुंद बाजू वर धरली, की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ अशी घरे मोजायची. सगळ्या घरांत पितळी पाते नसते, आणि त्यातच तर गंमत आहे! १६ व्या घरात बॅटरीचे १२ व्होल्ट, तर ४ आणि ५ मध्ये अर्थिंग. ६ आणि १४ ही जोडी भरलेली असेल, तर गाडी बहुधा 'कॅन' नावाची भाषा बोलते. ही भाषा जर्मनीच्या बॉश कंपनीने तयार करून १९८६ साली जाहीर केली. तिच्यात दोन तारांवरचे व्होल्टेज एकाच वेळी विरुद्ध दिशांना हलते. गप्प असताना दोन्ही तारांवर अडीच व्होल्ट. बोलताना एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. वाचणारा फक्त दोघींमधला फरक पाहतो. स्पार्क प्लगच्या ठिणगीने दोन्ही तारांवर सारखाच खरखराट आला, तरी वजाबाकीत तो नाहीसा होतो. ६ आणि १४ रिकामी असून ७ व्या घरात पाते असेल, तर गाडी बहुधा जुनी 'के-लाइन' वापरते. तीत सारे बोलणे मुख्यतः एकाच तारेवर आणि बरेच सावकाश चालते.

आता स्वस्त रीडरांकडे वळू. मोबाइलशी ब्लूटूथने बोलणारे जे छोटे ठोकळे मिळतात, त्यांपैकी बहुतेकांवर ईएलएम ३२७ असे लिहिलेले असते. ही चिप कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या लहानशा कंपनीने २००५ साली काढली. पहिल्या आवृत्तीतला प्रोग्राम कुलूपबंद नव्हता. त्याची नक्कल झाली आणि बाजार नकलांनी भरून गेला. मूळ कंपनी २०२२ साली बंदही झाली. तुमच्या हाती पडेल ती बहुधा नक्कलच असेल. नक्कल म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. पण काही नकलांत के-लाइनचा भागच गाळलेला असतो, आणि जुन्या गाडीला तर नेमका तोच लागतो. तेव्हा दुकानदाराला किंमत विचारण्याआधी के-लाइन चालते का ते विचारा, आणि शक्य तर आपल्या गाडीला लावून पाहूनच घ्या. स्वतःचा पडदा असलेले, वायरचे रीडर थोडे महाग पडतात. मात्र त्यांना मोबाइल लागत नाही.

दुसरी अट मला याहूनही महत्त्वाची वाटते. रीडरने नुसता क्रमांक सांगून भागत नाही. सेन्सरांची चालू मापे दाखवता आली पाहिजेत. का, ते एका उदाहरणाने पाहू.

रीडरवर पी०११८ आले. गाडीने प्रत्यक्षात पाठवली ती १६ शून्ये आणि एक: ०००० ०००१ ०००१ १०००. पहिल्या दोन शून्यांचा अर्थ 'पी', म्हणजे इंजिन आणि गिअर यांचा विभाग. पुढच्या दोन शून्यांचा अर्थ ०, म्हणजे सर्व कंपन्यांना समान असा क्रमांक. उरलेल्या चार-चारांच्या गटांतून १, १ आणि ८ मिळतात. यादीत पाहिले तर अर्थ निघतो : 'पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, मंडलातील व्होल्टेज जास्त.' नीट वाचा. सेन्सर बिघडला असे त्यात कोठेच म्हटलेले नाही!

हा सेन्सर म्हणजे तापल्यावर ज्याचा रोध कमी होतो असा थर्मिस्टर. संगणकातून ५ व्होल्ट एका ठरावीक रोधातून येतात आणि थर्मिस्टरमधून अर्थिंगला जातात; थर्मिस्टरवर किती व्होल्ट पडतात त्यावरून तापमान ठरते. सोयीसाठी ठरावीक रोध २५०० ओहम धरू. २० अंशांना थर्मिस्टरही सुमारे २५०० ओहमचा असेल, तर त्यावर २.५ व्होल्ट पडतील. ८० अंशांना तो सुमारे ३२० ओहमवर येतो. मग किती पडतील? ५ गुणिले ३२० भागिले २८२०, म्हणजे सुमारे ०.५७ व्होल्ट. आता तार उंदराने कुरतडली किंवा दमट हवेने जोडणीचे पाते हिरवे पडून संपर्क तुटला असे समजा. प्रवाहच नाही, म्हणून संगणकाला पुरे ५ व्होल्ट दिसतात. रोध अफाट म्हणजे थंडी अफाट, असा त्याचा हिशेब. रीडर बहुधा उणे ४० अंश दाखवील! हातखंब्यात, भर मे महिन्यात!

या आकड्यामागेही हिशेब आहे. तापमानासाठी गाडी ० ते २५५ मधली एक संख्या पाठवते आणि रीडर तीतून ४० वजा करतो. १२३ आले तर ८३ अंश, ० आले तर उणे ४०.

चालू माप दिसत असेल, तर जाणता मेकॅनिक अशा दोन तारांच्या सेन्सरची जोडणी काढतो आणि वायरिंगकडची दोन टोके क्षणभर एकमेकांना जोडतो. आकडा उणे ४० वरून एकदम वरच्या टोकाला गेला तर तारा ठीक, दोष सेन्सरमध्ये. आकडा हललाच नाही तर दोष वायरिंगमध्ये किंवा क्वचित संगणकात. नवा सेन्सर आणून काही उपयोग नाही. (ही युक्ती याच जातीच्या सेन्सरची, दुसऱ्या तारांवर करून पाहू नका.) नुसता क्रमांक सांगणारा रीडर या परीक्षेत मुकाच राहतो. पी०१७१ चेही तसेच. 'मिश्रणात हवा जास्त' एवढाच त्याचा अर्थ. फाटलेली रबरी नळी, तुंबलेला इंजेक्टर, कमजोर पंप यांपैकी काहीही कारण असू शकते.

ज्या गाडीला कोणताच स्वस्त रीडर लागत नाही, तिचा मार्ग पुष्कळदा फुकटचा असतो. सुझुकी जातीच्या काही जुन्या इंजेक्शन गाड्यांत तपासणीच्या जोडणीतील ठरावीक दोन टोके तारेने जोडली, की तो पिवळा दिवाच लुकलुकून क्रमांक सांगतो. एकदा लुकलुक, थोडा विराम, मग दोनदा लुकलुक, म्हणजे १२. म्हणजे दोष नाही. कोणती टोके ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच करायचे. अंदाजाने तार लावली तर संगणकच जळायचा.

रीडरमध्ये एक बटण क्रमांक पुसण्याचेही असते. ते दाबण्याआधी क्रमांक वहीत लिहा. दोष टिपताना वेग, तापमान, इंजिनाचे फेरे किती होते याचीही नोंद झालेली असते, आणि पुसताना तीही जाते. जुनी गाडी विकणारे काही लोक हे बटण गिऱ्हाईक यायच्या आधी दाबतात. पण संगणक तेही लपवत नाही. पुसल्यावर त्याच्या स्वतःच्या चाचण्या 'अपूर्ण' दिसू लागतात आणि त्या पुऱ्या व्हायला थंड इंजिनापासून सुरू करून बरेच चालवावे लागते. म्हणून गाडी पाहायला जाताना रीडर बरोबर न्या, चाचण्यांचे पान उघडा, आणि सगळ्या अपूर्ण दिसल्या तर मालकाला सांगा की चार दिवस गाडी चालवा, मग पुन्हा येतो. निघताना ठोकळा खोबणीतून काढायला विसरू नका. १६ व्या घरात किल्ली बंद असतानाही वीज असते आणि जुनी बॅटरी त्यानेच उतरते.