मुलांची सुट्टी : खर्च कमी, लक्ष जास्त

शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की आमच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. सर्दी-खोकल्याची मुले कमी होतात. उन्हात खेळून डोके दुखतेय, उलट्या होतायत, झाडावरून पडून हात मुरगळलाय, अशी मुले येऊ लागतात. सोबतच्या आयांचे गाऱ्हाणे मात्र एकच असते. "डॉक्टर, याला दीड महिना गुंतवायचं कशात? शिबिराची फी परवडत नाही, आणि मोबाईल दिला तर तो सोडत नाही." वडील तारापूरच्या कारखान्यात पाळीवर आणि आई वाडीत, नाहीतर मासळी घेऊन बाजारात. घरी आजी असली तर असली.

अशा आईबापांना मी एकच सांगतो. मुलाला सुट्टीत विकतची वस्तू फारशी लागत नाही. त्याला सवंगडी लागतात, दिवसाची आखणी लागते आणि मोठ्या माणसाचे लक्ष लागते. पहिल्या दोन गोष्टी फुकट आहेत. तिसरी मात्र फुकट नाही, कारण तिला आपला वेळ द्यावा लागतो.

बोर्डीचा धडा

खेळणी महाग म्हणून मुलांचे अडत नाही, हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झाले आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने परदेशी आणि महागडी होती. या बाईंनी त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने-फुले वापरली. मुले येत नाहीत तर शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. आज देशभर रूढ असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कामाची आठवण आहे.

माझे लहानपण एडवणला गेले. नारळाच्या झावळीचे भिरभिरे, करवंटीचा तराजू, जमिनीवर घरे आखून चिंचोक्यांचा डाव, लगोरी, डबा ऐसपैस यांत आमचा मे महिना कधी संपे ते कळत नसे. हे खेळ आजही खेळता येतात, फक्त ते कुणीतरी शिकवावे लागतात. पहिले दोन दिवस आजोबांनी किंवा मामाने मुलांबरोबर बसावे, तिसऱ्या दिवशी मुले आपली आपण खेळतात. एक सूचना मात्र पाळावी. चिंचोके, मणी, गोट्या तीन-चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नयेत. नाकात किंवा श्वासनळीत अडकलेला चिंचोका जिवावर बेतू शकतो.

दिवसाची आखणी उन्हावर करा

आपल्याकडचे ऊन विदर्भासारखे ४५ अंशांवर जात नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण किनाऱ्यावरच्या हवेत दमटपणा फार. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे कमी तापमानातही मूल उन्हाने आजारी पडते.

म्हणून दिवसाचे तीन भाग करावेत. सकाळी साडेसहा ते दहा मैदानी खेळ. साडेदहा ते साडेचार घरात किंवा दाट सावलीत बैठे खेळ, वाचन, चित्रे आणि थोडी झोप. साडेचारनंतर पुन्हा बाहेर. शाळकरी मुलाला दिवसाला निदान एक तास दमवणारा खेळ हवा. दिवसाच्या उजेडात रोज तास-दोन तास बाहेर असणाऱ्या मुलांत लांबचे न दिसण्याचा दोष कमी आढळतो, हा आणखी एक फायदा. मोबाईल पूर्ण बंद करणे जमत नसेल तर दुपारचा ठरावीक वेळ द्यावा, पण जेवताना आणि झोपण्यापूर्वी नको.

तहान लागण्याची वाट न पाहता खेळताना दर अर्ध्या तासाने पाणी द्यावे. घरचे लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, ताक, शहाळे, ताडगोळे ही सुट्टीची खरी चैन. पाणी कुठले आहे हे माहीत नसलेले रंगीत बर्फाचे गोळे टाळावेत. मूल बरळू लागले, शुद्ध हरपली, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

समुद्र फुकट आहे, पण एकट्यासाठी नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दहा वर्षांच्या एका मुलाला माझ्याकडे धावत आणले. तो मुंबईहून मामाकडे आला होता. घरात स्वस्थ बसेना म्हणून "जा, किनाऱ्यावर खेळ" असे सांगून त्याला धाडले होते. ओहोटीच्या वाळूत शिंपले वेचत तो लांब गेला आणि मागून सखल भागात पाणी भरले. जाळे घेऊन परतणाऱ्या दोघांनी त्याला ओढून काढले. मूल वाचले, दोन दिवस रुग्णालयात राहून घरी गेले. त्याची मामी रडत म्हणाली, "मी वाडीतच होते हो, पण तो ओरडलाच नाही." बुडणारे मूल बहुधा ओरडत नाहीच, कारण त्याला श्वासच पुरत नाही. म्हणून 'आवाज आला की जाईन' हा भरवसा खोटा आहे.

त्या दिवसापासून मी पालकांना एक खेळ सुचवतो, 'भरतीची वही'. अमावास्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते. पुढे ती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते. म्हणजे तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मुलाने दिनदर्शिका पाहून रोज हिशेब मांडावा, मोठ्या माणसाबरोबर जाऊन ताळा पाहावा आणि कोळीवाड्यातल्या एखाद्या जाणत्या काकांना विचारून चूक सुधारावी. यात गणित आहे, करमणूक आहे आणि जिवाची राखणही आहे. पाहुण्या मुलांना हा हिशेब आल्या दिवशीच शिकवा.

नियम तीनच ठेवा. मोठ्या माणसाशिवाय समुद्र, खाडी, विहीर, तलाव नाही. पाण्यात गुडघ्यापुढे नाही. कुणी बुडताना दिसले तर मुलांनी उडी मारू नये, ओरडून मोठ्यांना बोलवावे आणि दोरी किंवा झाकण लावलेला रिकामा डबा फेकावा. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे सुरू करावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हे कसे करतात ते जवळच्या आरोग्य केंद्रात आधीच विचारून ठेवावे.

पाळी लावा

'लक्ष द्यायला वेळ कुणाला आहे?' हा प्रश्न रास्त आहे. आळीतल्या पाच-सहा घरांनी पाळी लावावी. सोमवारी एका घरची आजी, मंगळवारी दुसऱ्या घरचा रात्रपाळी करून झोप झालेला बाप. ज्याची पाळी त्याने संध्याकाळचे दोन तास मुलांजवळ बसायचे, हातात मोबाईल न घेता. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एकच संध्याकाळ येते. खर्च म्हणाल तर लिंबे, साखर, एक वही आणि एक चेंडू.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुलाने सुट्टीत काय काय घेतले हे कुणी विचारणार नाही. सगळी मुले वर्गात हजर असली की आपली सुट्टी चांगली गेली.