स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी निवासी देखभाल

स्मृतिभ्रंश म्हणजे नुसते म्हातारपण नव्हे. मेंदूच्या आजारांतून तो उद्भवतो आणि त्यांत अल्झायमर सर्वाधिक आढळतो. भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना तो असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण भागात हे प्रमाण शहरांहून अधिक आहे.

निवासी केंद्रात औषधांइतकेच महत्त्व रचनेला असते. फाटक बंद, पण आत फिरायला मोकळे अंगण; खोलीच्या दारावर नाव व फोटो; शौचालयाचे दार वेगळ्या रंगाचे; ओळखीचे तेच तेच सेवक. माणूस भटकतो म्हणून त्याला बांधून ठेवणे ही देखभाल नव्हेच. नेदरलँड्समधील वेस्प गावी २००९ मध्ये सुरू झालेल्या होगेवेकमध्ये तर दुकान, चौक, बागेसह अख्खी वस्तीच रुग्णांसाठी आहे.

महाराष्ट्रात अशी खास केंद्रे मुख्यतः पुणे-मुंबई परिसरात आहेत आणि त्यांचा मासिक खर्च शेतकरी कुटुंबाला पेलणारा नाही. उदाहरणार्थ, हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत वस्ती बहुतांश ग्रामीण आहे. तिथे देखभालीचा भार घरातल्या बायकोवर, सुनेवर पडतो. तिलाही विसावा हवा, हे सहसा कुणी विचारात घेत नाही.

केंद्रांतील काही गोष्टी घरीही जमतात: दिनक्रम ठरलेला, वस्तू ठरल्या जागी, रात्री मंद दिवा, खिशात पत्ता व फोन नंबर, शेतातल्या विहिरीला कठडा. ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, तर मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ आहे.