मोटारघरांतील इन्व्हर्टर

चाकांवर बसविलेलें घर ही आपल्याकडे अजून नवलाईची वस्तु आहे. अमेरिकेंत मात्र ती एव्हांना जुनी झाली. आयोवा राज्यांतील फॉरेस्ट सिटी या लहानशा गांवीं विनेबागो कंपनीनें १९६६ सालीं मोटारघरें बनविण्यास प्रारंभ केला. जनरल मोटर्सनें १९७३ ते १९७८ या काळांत बनविलेल्या मोटारघरांपैकीं कांहीं तर आजहि रस्त्यावर धांवतात. चूल, बिछाना व न्हाणीघर ज्यांत आधींच थाटलेलें आहे असें वीसतीस वर्षांचें जुनें मोटारघर विकत घेऊन निवृत्त जोडपीं त्यांत महिनेच्या महिने घालवितात. अशा घराचें इंजिन पुष्कळदां धडधाकट निघतें. म्हातारपण प्रथम जाणवतें तें विजेच्या सरंजामांत, आणि त्यांतहि इन्व्हर्टरच्या पेटींत.

इन्व्हर्टर म्हणजे काय हें महाराष्ट्रांतील शहरी कुटुंबांस भारनियमनानें कधींच शिकविलें आहे. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा. भिंतींतील प्लगमधून येणारा प्रवाह क्षणोक्षणीं दिशा पालटणारा, म्हणजे प्रत्यावर्ती. पहिल्याचा दुसरा करून देणें हें या पेटीचें काम. आपल्या घरीं ती २३० व्होल्ट दाबाचा व सेकंदास ५० आवर्तनांचा प्रवाह देते; अमेरिकन मोटारघरांत १२ व्होल्टांच्या बॅटरीवरून १२० व्होल्टांचा, ६० आवर्तनांचा. जुन्या रेडिओच्या शोकिनांस व्हायब्रेटर आठवत असेल. १९३० नंतरच्या दशकांत मोटारींतील रेडिओला ही डबी असे. तींतील पोलादी जीभ थरथरत बॅटरीचा प्रवाह तोडी व जोडी, आणि तो तुटकतुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरकडून वाढवून घेतां येई. आतां तेंच काम न हलणारे ट्रान्झिस्टर करतात.

जुन्या मोटारघरांतील पुष्कळशा इन्व्हर्टरांची लाट खरी गोलाईदार नसे. ती पायऱ्यापायऱ्यांची असे. दिवा किंवा इस्तरी यांना त्याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु पंखा गुणगुणतो, मायक्रोवेव्ह शेगडी नेहमीपेक्षां कमी तापते, कांहीं घड्याळें पुढें पळतात. झोपेंत श्वास अडणाऱ्या रुग्णांच्या कांहीं यंत्रांना तर शुद्ध लाटच लागते. म्हणून नवी पेटी घ्यावयाची ती शुद्ध लाटेची घ्यावी, याविषयीं आतां दुमत राहिलेलें नाहीं.

येथपर्यंत सर्व सोपें आहे. पण जुनी पेटी खरोखरच बिघडली आहे काय, हा प्रश्न फार थोडे मालक विचारतात. कॉफीचें यंत्र लावलें कीं इन्व्हर्टर कण्हतो आणि बंद पडतो. मालक म्हणतो, 'गेला!' वस्तुत: अशा वेळीं भार चालू असतांना दोन ठिकाणीं दाब मोजावा: प्रथम बॅटरीच्या खुंट्यांवर, मग इन्व्हर्टरच्या खुंट्यांवर. बॅटरीवरच दाब कोसळत असेल तर दोष बॅटरीचा. बॅटरीवर १२ व्होल्ट आणि इन्व्हर्टरवर पावणेअकरा, असें दिसलें तर पेटी निर्दोष असून मधली तार व तिचे सांधे चोर आहेत. दोहों ठिकाणीं दाब चांगला असूनहि पेटी काम करीत नसेल तरच तिला दोष द्यावा.

हा चोर इतका मोठा कां, हें गणितानें पाहण्यासारखें आहे. २००० वॅटांचा भार १२० व्होल्टांवर सुमारें १७ अँपिअर प्रवाह ओढतो. तीच शक्ति १२ व्होल्टांच्या बॅटरींतून काढावयाची, आणि इन्व्हर्टर शंभरांतील दहा भाग वाटेंत उष्णतेंत घालवितो असें धरलें, तर बॅटरीच्या तारेंतून सुमारें १८५ अँपिअर वाहतात. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. एखाद्या सैल किंवा गंजलेल्या सांध्याचा रोध एका ओहमचा केवळ हजारावा भाग असला, तरी १८५ अँपिअरांवर तेथें ३४ वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातांतील सोल्डरिंग आयर्न साधारण तितक्याच शक्तीचें असतें. लांकडी पलंगाखालच्या बंद कप्प्यांत, मंडळी झोपलेलीं असतां, असें एक आयर्न तापत ठेवलें आहे अशी कल्पना केली म्हणजे धोक्याचें स्वरूप ध्यानांत येईल.

तारेच्या लांबीचेंहि तसेंच. बॅटरी पुढें पायरीखालीं आणि इन्व्हर्टर मागें सहा मीटरांवर, अशी मांडणी असेल तर जाण्यायेण्याचा मार्ग १२ मीटरांचा होतो. ३४ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेंत तेवढ्या मार्गावर एक व्होल्टाहून अधिक दाब खर्ची पडतो. तीच पेटी बॅटरीपासून दोन मीटरांवर आणली व तार ६७ चौरस मिलिमीटरांची घातली, तर हा तोटा व्होल्टाच्या पांचव्या भागाहूनहि कमी होतो. म्हणून पेटी बॅटरीच्या शेजारीं असावी. मात्र पाणी घालाव्या लागणाऱ्या बॅटरीच्या कप्प्यांतच नसावी, कारण चार्ज होतांना त्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. जाहिरातींत पेटीचे वॅट मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. तारेची जाडी माहितीपुस्तकाच्या आंतल्या पानांवर शोधावी लागते. तेथें काटकसर करणें हा शुद्ध वेडेपणा होय.

फ्यूजचें स्थान बॅटरीच्या धन खुंटीजवळ, इन्व्हर्टरजवळ नव्हे; कारण त्याला रक्षण करावयाचें असतें तें तारेचें. लिथियमच्या बॅटऱ्या असतील तर 'टी' वर्गाचा फ्यूज वापरतात. अशी बॅटरी आडवी जोडली गेल्यास एकाएकीं हजारों अँपिअर ओतते, आणि साधा फ्यूज वितळला तरी त्यांतील ठिणगी विझत नाहीं.

लिथियमचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. जुन्या पेट्यांपैकीं बऱ्याच नुसत्या इन्व्हर्टर नसून बॅटरी चार्ज करणाऱ्याहि असत, आणि त्यांची घडण शिसें-आम्लाच्या बॅटरीसाठीं झालेली. मधूनमधून त्या दाब १५ व्होल्टांच्या वर नेत. शिशाला तें मानवतें, लिथियमला मानवत नाहीं. शिवाय शून्य अंश सेल्सिअसखालीं लिथियमची बॅटरी चार्ज करूं नये, हें जुन्या पेटीला ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. म्हणून बॅटरी व पेटी यांचा विचार एकत्रच करावा.

चार्जरविना नुसता इन्व्हर्टर आणला, तर गाडींतील निराळा चार्जर इन्व्हर्टरच्याच प्लगांवर राहणार नाहीं हें पाहावें लागतें. तो राहिला तर बॅटरीनें इन्व्हर्टरला द्यावें, इन्व्हर्टरनें चार्जरला, आणि चार्जरनें पुन्हां बॅटरीला: रहाटानें काढलेलें पाणी फुटक्या पन्हळीनें त्याच विहिरींत सोडण्यासारखा हा उद्योग. सकाळीं बॅटरी रिती, आणि कोणी कांहीं वापरलें नाहीं म्हणून सर्वांचीं तोंडें कोरडीं!

सर्वांत नाजूक भाग अर्थिंगचा. मोटारघरें उभीं करण्याच्या तळावर विजेचा खांब असतो. ती वीज चालू असतां न्यूट्रल व अर्थ यांचा जोड तळाच्या पुरवठ्याकडे असतो. गाडींत तो असतां कामा नये. बॅटरीवर घर चालूं लागलें कीं उगम बदलतो, इन्व्हर्टर हाच उगम होतो, आणि जोड त्याच्या आंत व्हावा लागतो. वाहनांसाठीं बनविलेलीं चांगलीं यंत्रें ही अदलाबदल आपोआप करतात. 'यू एल ४५८' हें अमेरिकन प्रमाण अशाच यंत्रांसाठीं आहे. जोड मुळींच नसेल तर जिवंत तार एखाद्या उपकरणाच्या कवचाला लागली तरी ब्रेकर पडत नाहीं. दोष लपून राहतो, आणि दुसरा दोष उत्पन्न होईल त्या दिवशीं माणसाचा हात त्या दोहोंमध्यें सांपडूं शकतो. हें काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावें.

प्रत्यक्ष बदलण्यास मग अर्धा दिवस पुरतो. तळाचा प्लग काढावा, जनित्राची आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी, छपरावर सौरपत्रे असल्यास ते तोडावे, आणि शेवटीं बॅटरीची ऋण तार सोडावी. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. जुनी ट्रान्सफॉर्मरची पेटी वीसपंचवीस किलोंची असते, तेव्हां ती उतरवितांना दुसरा माणूस हवा. नव्या पेटींतील कंडेन्सर रिकामे असल्यानें पहिल्या जोडणीच्या क्षणीं मोठी ठिणगी उडते. ती टाळण्यासाठीं प्रथम योग्य रोधकांतून कांहीं क्षण प्रवाह जाऊं देतात. नंतर पूर्ण भार लावून अर्ध्या तासानें प्रत्येक सांध्याचें तापमान पाहावें. पहिल्या लांब प्रवासानंतर, रस्त्याच्या हादऱ्यांनीं बोल्ट सैल होतात म्हणून, तेच सांधे बॅटरी सोडून पुन्हां पान्यानें तपासावे.