आजोबा, वाघोबा आणि आपण

कोलशेतच्या काठाने वाहणारे उल्हास नदीचे पाणी पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. २००९ साली एका बिबट्याने हेच खाडीचे पाणी पोहून पार केले आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठले. ‘आजोबा’ हे त्याचे टोपणनाव. विज्ञान, कला आणि स्थानिक समाज हे तिघे एकत्र आले म्हणजे काय साधते व काय उरते, हे समजून घेण्यासाठी या आजोबाची गोष्ट उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे हा बिबट्या विहिरीत पडला होता. वनविभागाने त्याला बाहेर काढले. वन्यजीव शास्त्रज्ञ डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारा पट्टा बसविला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. तो तेथे राहिला नाही. महिनाभरातच कसाऱ्याचा रेल्वेमार्ग, महामार्ग आणि वस्त्या ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या वेशीवर आला. वाटेत त्याने कोणाही माणसाला इजा केली नाही. पुढे २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला.

या प्रवासाने एक जुना समज ढासळला. बिबट्या दिसला की तो पकडून दूरच्या जंगलात सोडावा, असा प्रघात होता. जुन्नर भागातील अभ्यासातून डॉ. अत्रेय यांना दिसले की, बाहेरचे बिबटे आणून सोडल्यानंतर त्या परिसरात माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. हा निष्कर्ष २०११ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परंतु असे नियतकालिक घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलात कोण वाचणार? तेथील भयभीत रहिवाशांची मागणी ‘पिंजरा लावा’ हीच राहते.

येथे कलेचे काम सुरू होते. २०१४ साली सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. उर्मिला मातोंडकर यांनी त्यात डॉ. अत्रेय यांच्यावर बेतलेली भूमिका केली. नकाशावरील ठिपक्यांना चित्रपटाने चेहरा दिला. ज्याला आपण केवळ संकट समजत होतो, त्यालाही वाट असते आणि ओढ असते, हे प्रेक्षकांना पडद्यावर पाहता आले. विज्ञानाने शोधलेले सत्य कलेने मनापर्यंत पोहोचविले.

तरीही एक प्रश्न उरतो. शास्त्रज्ञाने शोधावे, कलावंताने दाखवावे आणि लोकांनी नुसते पाहावे, एवढेच लोकांचे स्थान आहे काय? या परिसरातील वारली बांधवांचे उत्तर वेगळे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात डॉ. अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांत वाघोबाची सुमारे दीडशे स्थाने नोंदविली. लाकडात वा दगडात कोरलेला वाघ, वाघबारशीची पूजा आणि पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या कथा यांतून या समाजाने वाघ-बिबट्यांच्या शेजारी राहण्याची रीत जपली आहे. या श्रद्धेमुळे संघर्ष संपतो असे अभ्यासक म्हणत नाहीत. नुकसान सोसण्याची तयारी मात्र तिच्यातून वाढते, असे त्यांना दिसले. येथे शिकविणारे पाड्यावरचे लोक होते आणि विद्यार्थी होते शास्त्रज्ञ. पुढे वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया या संस्थेने वाघोबावर माहितीपटही काढला.

कोलशेतकरांना हे परके वाटू नये. शेजारच्या गावाचे नावच मुळी वाघबीळ! येऊरचे डोंगर येथून दिसतात. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाणे शहरातील एका मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. अखेर त्याला बेशुद्ध करून जिवंत पकडण्यात आले. अशा वेळी गर्दी न करणे, पाठलाग न करणे आणि भटक्या कुत्र्यांना व त्यांच्यामागून बिबट्यांना ओढून आणणारा कचरा उघड्यावर न टाकणे, हे साधे नियम आहेत. ते फलकावर लिहून फारसे रुजत नाहीत. गोष्टीतून, चित्रातून, नाटकातून ते अधिक रुजतात.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात म्हटले आहे की, सृष्टीचे प्रश्न सोडविताना ज्ञानाची कोणतीही शाखा वगळता येणार नाही. लोकांची कला व काव्य यांचाही त्यांनी तेथे आदराने उल्लेख केला आहे. आदिवासी समाजाला तर अशा संवादात प्रमुख स्थान द्यावे, असे ते सांगतात.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. आपल्या शाळेत वा वसाहतीत बिबट्याविषयी कार्यक्रम ठरेल तेव्हा शास्त्रज्ञाला बोलवा, चित्रकारालाही बोलवा. आणि येऊरच्या पाड्यावरील एखाद्या आजोबांना बोलविण्यास विसरू नका. त्यांना पहिल्या रांगेत बसविणे पुरेसे नाही. त्यांच्या हाती ध्वनिक्षेपक द्या.