तिचा षड्ज, त्याचा गांधार

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक वाद झाला, आणि तो अद्याप पुरता मिटलेला नाही. विषय ऐकून वाचकांस हसू येईल. इटालियन संगीत नाटकातील एका नायकाने शेवटचा स्वर वरचा घ्यावा की खालचा, हा तो विषय! ज्या घरात तीन पिढ्यांत यमन-भीमपलासापलीकडे कोणी फारसे पाहिले नाही, तेथे हा प्रश्न शिरला कसा, हे प्रथम सांगितले पाहिजे.

आमचा धाकटा पुतण्या नोकरीनिमित्त म्युनिक येथे असतो. सणासाठी तो घरी आला होता. रात्री जेवणे आटोपून मंडळी ओटीवर बसली असता त्याने आपल्या मोबाईलवर एक युगलगीत लावले आणि म्हणाला, “काका, हे चारच मिनिटांचे आहे. न आवडल्यास बंद करतो.” चार मिनिटे संपली आणि ते पुन्हा लावावयास आम्हीच सांगितले.

मुंबईतील पुष्कळांस ‘ऑपेरा हाऊस’ हे एका नाक्याचेच नाव म्हणून ठाऊक असते. चर्नी रोडजवळील ज्या रंगमंदिरावरून ते नाव पडले, त्याचे उद्घाटन १९११ साली झाले, आणि पुढे त्याच रंगमंचावर बालगंधर्वांचेही गायन झाले. पुष्कळ वर्षे बंद राहून ते २०१६ साली पुन्हा उघडले. परंतु ऑपेरा म्हणजे काय, याची आमच्यासारख्यांस अंधुकच कल्पना असते. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद चालू असता मध्येच पद येते. पुतण्याने ऐकविलेल्या नाटकात गद्य मुळी नाहीच. दार उघडणे, मेणबत्ती विझणे, उसने मागणे, सर्व काही गाण्यातूनच, आणि खाली भला मोठा वाद्यवृंद.

नाटकाचे नाव ‘ला बोएम’, संगीतकार पुच्चीनी. पहिला प्रयोग इटलीतील तुरीन नगरात १ फेब्रुवारी १८९६ रोजी झाला. कथानक साधे आहे. पॅरिसमधील एका माळ्यावर रोदोल्फो नावाचा निर्धन कवी राहतो. नाताळच्या आदल्या रात्री मीमी नावाची, कशिदा काढून पोट भरणारी शेजारीण विझलेली मेणबत्ती पेटवून घेण्यास येते. तिची किल्ली पडते, दोघे अंधारात ती शोधू लागतात आणि हातास हात लागतो. मग तो आपण कोण ते सांगतो, ती आपण कोण ते सांगते. खिडकीतून आलेल्या चांदण्यात तो तिचे मुख पाहतो आणि तेथून युगलगीत सुरू होते. अखेरीस दोघे हातात हात घालून दाराबाहेर पडतात. शेवटचे स्वर विंगेतून येतात, त्या वेळी रंगमंच रिकामा असतो.

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील पहिला अंक ज्यांनी वाचला असेल, त्यांस येथील मर्म चटकन कळेल. चित्रदर्शनाच्या त्या सुखी प्रसंगात सीता रामाच्या बाहूवर निद्रिस्त होते आणि लगेच दुर्मुख वार्ता घेऊन येतो. येथेही मीमीस क्षयाची बाधा आहे. शेवटच्या अंकात ती याच माळ्यावर प्राण सोडते, आणि तेव्हा वाद्यवृंद पहिल्या रात्रीचेच सूर पुन्हा आळवितो. संभोगशृंगाराच्या पोटी विप्रलंभ आणि त्यापुढे करुण, हा क्रम सर्व देशांत सारखाच दिसतो.

आता वादाचे मूळ. शेवटी मीमी अगदी उंच स्वरावर जाते, आणि तो त्या जागी षड्ज होतो. रोदोल्फोसाठी पुच्चीनीने खालचा गांधार लिहिला आहे. परंतु अनेक नायक तो लिहिलेला स्वर सोडून तिच्याबरोबर आपल्या आवाजातील तारषड्जावर चढतात. प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते. पुतण्या म्हणाला, “ज्याचा गळा चढतो, त्याने का चढू नये?” आमचे मत प्रथम त्याच्यासारखेच होते. सौभाग्यवती मात्र अडकित्ता खाली ठेवून म्हणाल्या, “अहो, ती पोर जन्मात पहिल्यांदा कोणाचा हात धरून जिना उतरते आहे. तिला जाऊ द्या की वर! त्याने खाली राहून आधार द्यावा.”

त्या रात्रीपासून आम्ही या गीताच्या जुन्या-नव्या ध्वनिमुद्रिका पुतण्याकडून मागवून ऐकू लागलो, आणि त्या गायकांविषयी जे मिळेल ते वाचले.

नेली मेल्बा आणि एन्रिको कारुसो यांनी हे युगलगीत १९०७ साली मुद्रित केले. तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता. गायकांनी कर्ण्यासमोर उभे राहून गावयाचे, आणि स्वर उंच व जोराचा झाला की मागे सरावयाचे, एरव्ही मुद्रण बिघडे. दोघांस एकच कर्णा म्हणजे एकाने पुढे येताना दुसऱ्याने वाट द्यावयाची. या कारुसोची एक आख्यायिका आहे. मीमीच्या थंडगार हाताविषयी गाताना त्याने मेल्बाबाईंच्या हातात हळूच गरम सॉसेज ठेवले म्हणे! खरे-खोटे देव जाणे, परंतु शंभर वर्षे रसिक ही गोष्ट एकमेकांस सांगत आले आहेत.

दुसरी आठवण तोस्कानिनीची. तुरीनच्या पहिल्या प्रयोगाचे संचालन त्याने केले तेव्हा त्याचे वय २८ होते. पन्नास वर्षांनी, १९४६ साली, त्याने न्यूयॉर्क येथून नभोवाणीवर तेच नाटक सादर केले, तेव्हा तो ७८ वर्षांचा होता. गायक होते लिचिया अल्बानेझे आणि जॅन पीर्स. त्या मुद्रणात जागोजागी गायकांच्या मागे एका वृद्धाचे गुणगुणणे ऐकू येते. तो आवाज तोस्कानिनीचा. मुद्रणशास्त्राच्या दृष्टीने हा दोष असेल, पण तो काढून टाकावा असे आम्हांस वाटत नाही.

तिसरी जोडी आम्हांस सर्वांत जवळची वाटली. मिरेल्ला फ्रेनी आणि लुचानो पाव्हारोत्ती, दोघांचा जन्म इटलीतील मोदेना या एकाच गावी, एकाच वर्षी, १९३५ साली. दोघांच्या माता तंबाखूच्या एकाच कारखान्यात कामास जात, आणि दोन्ही बाळांस एकाच दाईने पाजले. पाव्हारोत्तीचे वडील पाववाले होते आणि हौसेने गात. रंगभूमीवर त्याने पहिली मोठी भूमिका केली ती १९६१ साली, याच रोदोल्फोची. कारायानच्या संचालनाखाली या दोघांनी १९७२ साली बर्लिन येथे मुद्रित केलेले हे नाटक आजही रसिक जपून ठेवतात. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ही जोडी पुन्हा त्याच भूमिकांत उभी राहिली, तेव्हा दोघांनीही पन्नाशी ओलांडली होती. वयाचा हिशेब कोण ठेवतो? पाव्हारोत्ती २००७ साली वारला, फ्रेनी २०२० साली, आणि दोघांचाही अंत मोदेनातच झाला.

या फ्रेनीबाईंस प्रत्यक्ष ऐकलेल्या एका वृद्धाची गाठ आमच्या पुतण्यास व्हिएन्ना येथे पडली. तेथील राजमान्य ऑपेरागृहात थोड्या पैशांत उभ्याने पाहण्याची सोय आहे. जागा धरण्यासाठी लोक कठड्यास गळपट्टा बांधून ठेवतात, जसे आपण एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतो! हे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. १९६३ साली फ्रेनीबाई तेथे मीमी झाल्या, तेव्हा ते वडील बंधूंसह याच कठड्यापाशी उभे होते. वडील बंधूंस नायकाचा वरचा स्वर हवा, यांस खालचा. घरी पायी जाताना दोघे भांडले, आणि पुढे जन्मभर भांडत राहिले. बंधू निवर्तल्यास काही वर्षे झाली. “आता,” ते म्हणाले, “नायक वर चढला तर मी भावासाठी टाळ्या वाजवितो, आणि खाली राहिला तर माझ्यासाठी.”

हे ऐकून आम्हांस आमच्या आजोबांची आठवण झाली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या त्या रात्री एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. आजोबा तेव्हा मुंबईत शिकत होते. तिकिटास पैसे कोठले? ते छत्री घेऊन थिएटराबाहेर रस्त्यावर उभे राहिले, आणि भिंतीपलीकडून जेवढे आले तेवढे त्यांनी ऐकले. त्या रात्रीचा एकही स्वर कोठल्या मुद्रिकेत नाही. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. “दोघांत सरस कोण?” असे आम्ही मुले विचारीत असू. आजोबा म्हणत, “बाळ, त्या रात्री ते कोणी विचारले नाही.”

लहानपणी हे उत्तर आम्हांस टाळाटाळीचे वाटे. आता तसे वाटत नाही. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतूनच गांधार ऐकू येतो, तो कोणी निराळा वाजवीत नाही. रोदोल्फो खाली राहतो तेव्हा त्याचा स्वर तसाच तिच्या स्वरात मिसळतो, आणि कोण जिंकले हा प्रश्न उरत नाही. कर्ण्यापुढे एकमेकांस वाट देणारे दोघे काय, प्रतिस्पर्धी असून एका रात्रीसाठी एकत्र आलेले दोन नट काय, त्यांच्या थोरवीचे एक अंग या सामावून घेण्यात होते.

तेव्हा आम्ही आता सौभाग्यवतींच्या पक्षास मिळालो आहो. पुतण्या मात्र आपला हेका सोडीत नाही. रविवारी त्याचा दूरध्वनी आला की प्रथम प्रकृतीची चौकशी होते, आणि मग तो विचारतो, “काकू, अजून खालचाच का?” त्या “खालचाच” म्हणून ठणकावून सांगतात. व्हिएन्नाच्या त्या गृहस्थांची हकीकत ऐकल्यापासून हा वाद लवकर मिटावा, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.