न झाडलेली गोळी

रत्नागिरी जिल्ह्यात निवडणूक लागली की शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. एकनळ्या, दुनळ्या, ठासणीच्या. प्रत्येकीच्या चापाला बांधलेली चिठ्ठी. ती रांग पाहून मी हवालदारांना विचारलं, गोळी सापडली तर ती यातल्या कुठल्या बंदुकीची, हे कसं ठरतं? ते म्हणाले, "आम्ही सील मारून पाठवतो. पुढचं लॅबवाले सांगतात."

त्या 'पुढचं'ने माझा पिच्छा सोडला नाही.

रायफलीच्या किंवा पिस्तुलाच्या नळीत आतून पीळ असतो. त्यातून घासत सुटलेल्या गोळीवर ओरखडे उमटतात, मायक्रोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके उथळ. संशयित हत्यार पाण्याच्या टाकीत झाडायचं, ती गोळी घटनास्थळच्या गोळीशेजारी तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि रेषेला रेष भिडते का पाहायचं. १९२५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फिलिप ग्रॅव्हेल यांनी हे यंत्र या कामाला जुंपलं. पण यंत्र आज नीट दाखवतंय, हे कशावरून? सोनाराच्या तराजूला प्रमाणित वजनं असतात. ओरखड्याला वजन कुठलं आणायचं?

झाडलेली गोळी त्या कामाची नाही. एकाच नळीतून लागोपाठ सुटलेल्या दोन गोळ्याही तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून एनआयएसटी या अमेरिकन मापनसंस्थेने एसआरएम २४६० नावाची गोळी घडवली. सहा खऱ्या गोळ्यांवरच्या ओरखड्यांचे आलेख मोजले आणि हिऱ्याच्या टोकाने ते तांब्यावर पुन्हा कोरले. ही गोळी कुणी कधी झाडलीच नाही, तरी तिच्या अंगावर सहा गोळ्यांच्या खुणा आहेत! कुठल्याही प्रयोगशाळेने ती आपल्या यंत्राखाली ठेवावी आणि मिळालेला आलेख मूळ आलेखाशी ताडून पाहावा. पुढे काडतुसाच्या पुंगळीचाही असाच प्रमाणनमुना आला.

याची गरज आपल्याकडे कोल्हापूरने दाखवून दिली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तिथे कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे नरेंद्र दाभोलकर, पानसरे आणि कन्नड विचारवंत कलबुर्गी यांच्या खुनांतल्या गोळ्या-पुंगळ्यांबाबत मुंबई आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळांचे अहवाल जुळेनात, आणि सीबीआयने स्कॉटलंड यार्डचं मत घ्यायचं ठरवलं. चूक कुणाची, हे मी सांगू शकत नाही. पण अशा वेळी माझा पहिला प्रश्न हाच असेल: दोन्ही टेबलांवर माप एकच होतं का? आणि माप एक असलं, तरी ते यंत्राची हमी देतं. जुळलं की नाही जुळलं हे कोर्टात शपथेवर सांगणाऱ्या माणसाची नाही.

ठाण्यातल्या त्या रांगेपाशी आलं की अडचण आणखी वाढते. या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत, पीळ नाही. छऱ्यांवर जुळवण्याजोग्या रेषा उमटत नाहीत. बाराबोरची पुंगळी निदान मागे राहते, तिच्या बुडावर पिनेचा ठसा असतो. ठासणीच्या बंदुकीला पुंगळीच नसते. दारू, छर्रे, वरून ठासणी, आणि घोड्याखाली चिमुकली केप, जी फुटून गवतात पडते. रात्री डुकराच्या मागावर गेलेल्यांपैकी कुणाला चुकून बार लागला, तर हिऱ्याने कोरलेली गोळी तिथे कामाला येत नाही. मग उरतात नळीतली काजळी, जखमेतल्या छऱ्यांचा फैलाव आणि त्या रात्री रानात कोण कुठे उभं होतं याचे जबाब.