सहा फुटांची सावली

आपल्या भागातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. बस स्टँडपासून बाजाराकडे जाणारा रस्ता सगळीकडे सारखाच दिसेल. दुकानाची पायरी गटारावर आलेली, गटारावरची फरशी रस्त्यावर आलेली आणि पायी चालणारा माणूस मोटारसायकलींमधून वाट काढत निघालेला. वर निळ्या काचा, चकचकीत पत्रे आणि खिडक्या झाकून टाकणाऱ्या पाट्या. उदगीर घ्या, भालकी घ्या, बसवकल्याण घ्या. पाटीवरची लिपी बदलते, बाकी चित्र तेच. आपण मराठीत पेठ म्हणतो, कन्नडमध्ये पेटे म्हणतो. पण एप्रिलच्या दुपारी बाजारहाटाला निघालेल्या बाईला दोन्ही भाषांत ऊन तेवढंच लागतं.

हा विषय आज काढायचं निमित्त आहे भीमपूर. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या अंगाचं हे गाव. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेलंगणात जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा भीमपूर नव्या मंडलाचं ठिकाण झालं. मंडलाचं ठिकाण झालं की कचेऱ्या येतात, कचेऱ्यांमागून झेरॉक्सवाला, खताचं दुकान, चहाची टपरी येते, आणि पाहता पाहता रस्त्याच्या दोन्ही अंगांना पेठ उभी राहू लागते.

माझा भाचा तिथं दुकान बांधतो आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. प्लॉट रस्त्याकडे वीस फूट आणि आत पंचेचाळीस फूट. माझं उभं आयुष्य इमारतींचे नकाशे काढण्यात गेलं, म्हणून त्यानं नकाशा मामाकडे पाठवला. मी त्यात एकच बदल सुचवला. तळमजल्यावर पुढचे सहा फूट मोकळे ठेव, शटर आत घे, पुढं दोन खांब उभे कर आणि वरचा मजला खांबांपर्यंत आण. त्यावर त्याचा फोन आला.

‘‘मामा, एकशे वीस चौरस फूट जागा जाते. ती मला परत कोण देणार?’’

प्रश्न खरा आहे. नऊशे फुटांच्या दुकानातून एकशे वीस फूट कमी करायचे म्हणजे मालाची एक अख्खी रांग गेली. कर्ज काढून प्लॉट घेतलेल्या माणसाला ‘गावाच्या शोभेसाठी सोड’ असं सांगणं सोपं नसतं. म्हणून त्याला उपदेश न करता मी तीन जुन्या पेठांची गोष्ट सांगितली. तीच इथं सांगतो.

आपल्याच जुन्या राज्यातल्या पेठा

आदिलाबाद, बीदर, गुलबर्गा आणि मराठवाडा ही सगळी मंडळी १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात नांदत होती. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्या राज्याच्या राजधानीत १९०८ साली मुसी नदीला महापूर आला आणि शहराचं मोठं नुकसान झालं. पुढं १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. त्या काळच्या सुधारणांतली एक खूण म्हणजे चारमिनारच्या उत्तरेची पत्थरगट्टी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच घाटाच्या दगडी कमानी, कमानींमागे दुकानं. कपडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक भर उन्हातही सावलीतून एका दुकानातून दुसऱ्यात जाई. आज त्यातल्या कितीतरी कमानी पाट्यांआड गेल्या आहेत, पण रांग अजून ओळखू येते.

लातूरची गंजगोलाई तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली. १९१७ सालचा हा बाजार असं सांगतात. मधे देवीचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. सोनं एका रस्त्यावर, गूळ दुसऱ्यावर, मिरची तिसऱ्यावर. इमारत साधी आहे. पण आधी आखणी झाली आणि मग दुकानं आली, म्हणून शंभर वर्षांनंतरही नवखा माणूस तिथं चुकत नाही.

एकच अट, पण सगळ्यांना

तिसरी गोष्ट मुंबईची. १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडल्यावर हॉर्नबी रोड रुंद झाला. आजचा दादाभाई नौरोजी मार्ग तो हाच. तिथं मोठमोठ्या इमारती उठू लागल्या, तेव्हा सरकारनं १८९६ साली नियम केला, की इमारतीच्या तळमजल्याला रस्त्याच्या बाजूनं पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी हवी. वरचं बांधकाम कुणी गॉथिक धाटणीचं केलं, कुणी ग्रीक खांबांचं, कुणी हिंदी-इस्लामी घुमटांचं. शैलीची सक्ती नव्हती. तरी तो रस्ता एकजीव वाटतो, कारण खालची ओवरी सगळ्यांनी पाळली. मुंबईच्या पावसात छत्री मिटून तिथून चालता येतं.

माझ्या मते नियम असाच असावा. थोडा, स्पष्ट आणि पेठ उभी राहण्याआधी केलेला. आपल्याकडचे बांधकामाचे नियम बहुतेक एकेका प्लॉटचा विचार करतात. पुढं किती मार्जिन, उंची किती, मजले किती. ते हवेतच. पण शेजारच्या दुकानाचं जोतं आणि आपलं जोतं एका पातळीत आहे का, दहा दुकानांसमोरून म्हातारं माणूस न अडखळता जाईल का, हे कुठल्याच एका प्लॉटच्या नकाशात दिसत नाही. शहरांसाठी तेलंगणानं २०२० साली जो कायदा केला, त्यात लहान बांधकामांना मालकाच्या स्वतःच्या लेखी हमीवर मंजुरीची सोय झाली. हेलपाटे वाचले, चांगलंच झालं. पण मंजुरी जितकी सोपी, तितकी मालकाची जबाबदारी मोठी. भीमपूरसारख्या गावात तर ग्रामपंचायत आणि शेजारीपाजारी यांनीच एकत्र बसून ठरवायला हवं.

पाटीचं भांडण

आपल्या दोन भाषांच्या घरांना पाटीचं भांडण नवं नाही. महाराष्ट्रानं २०२२ साली लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी बंधनकारक केली. कर्नाटकानं २०२४ साली पाटीचा साठ टक्के भाग कन्नडसाठी राखला. अक्षर कुठलं आणि केवढं यावर पुष्कळ बोललं जातं. पण पाटी लावायची कुठं, हे कुणी विचारत नाही. दादाभाई नौरोजी मार्गावर १९९० च्या दशकात पाट्यांनी कमानी झाकून टाकल्या होत्या. मग वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी रस्त्याचा अभ्यास केला, दुकानदारांशी बोलणी झाली आणि पाट्या खांबांवरून काढून कमानीच्या आत बसवल्या गेल्या. भाषा तीच, नाव तेच, फक्त जागा बदलली. इमारती पुन्हा दिसू लागल्या. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतही त्या कामाची दखल घेतली गेली.

हिशेब

आता भाच्याच्या एकशे वीस फुटांकडे येऊ. वरच्या मजल्यावर त्याची एक फूटही जागा जात नाही, कारण खोल्या खांबांपर्यंत आहेत. आदिलाबादचा उन्हाळा कडक. दुकानाला सहा फूट सावली मिळाली की ऊन थेट शटरवर येत नाही, माल तापत नाही, पंखा-कूलरचा भार कमी होतो. काचेचा दर्शनी भाग केला तर त्याच्या उलट होतं. आधी काच लावायची, मग पडदे लावायचे आणि मग वीजबिल भरायचं. शिवाय पावसात आडोशाला थांबलेलं माणूस काहीतरी घेऊनच जातं.

भाच्याची खरी भीती वेगळी होती. आपण एकट्यानं जागा सोडली तर शेजारी तिथं गाडी लावेल. ही भीती रास्त आहे, आणि तिचं उत्तर नकाशात नाही. ते शेजाऱ्याच्या ओट्यावर आहे. म्हणून तो दोन्ही शेजाऱ्यांकडे जाऊन आला. उजव्या हाताच्या शेजाऱ्यानं ऐकलं आणि आपलंही जोतं त्याच पातळीला धरायचं कबूल केलं. डाव्या हाताच्यानं ‘बघू’ म्हटलं. भाच्यानं सहा फूट सोडूनच पाया आखला आहे.

तुमच्या घरात कुणी पेठेत बांधायला काढलं असेल, तर पाया खणण्याआधी एवढं विचारून घ्या. रस्त्याची हद्द कुठवर आहे आणि पुढं रुंदी वाढणार आहे का, हे कचेरीत जाऊन पाहा, कारण ओवरीचे खांब आपल्याच जागेत हवेत. दोन्ही शेजाऱ्यांच्या जोत्याची उंची मोजा. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो, त्याचीही सोय ठेवा. पायऱ्यांशेजारी उतार करा; चाकाच्या खुर्चीला तो लागतो, तसा पोत्यांच्या हातगाडीलाही लागतो. गटार साफ करता येईल अशी उचलती फरशी टाका. पाटीची जागा नकाशातच ठरवा.

मराठीतला कट्टा आणि कन्नडमधला कट्टे हे एकाच कुळीचे शब्द. सावलीला मात्र कन्नडमध्ये नेरळु म्हणतात. शब्द कुठलाही वापरा, पण स्लॅब पडल्यावर ती मागून मिळत नाही. जे ठरवायचं ते खांब उभे राहण्याआधीच शेजाऱ्याशी बोलून ठरवा.